गाडीला जास्त झालीय

कोल्हापुरात कमी पडण्याचं दुःख सगळ्यांना कळतं. नळाला पाणी कमी आलं, उसाला दर कमी मिळाला, मिसळीला कट कमी पडला, की अख्खी गल्ली तुमच्या बाजूनं उभी राहते. पण एखाद्याला काहीतरी जास्त मिळतंय आणि त्यानंच तो आजारी पडलाय, हे इथं कुणाला पटवायचं म्हणजे दिव्य आहे. माझ्या गाडीचा आजार नेमका हाच निघाला. तिला पेट्रोल जास्त जात होतं. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "मग पळत असंल की जोरात!"

गाडी सेकंडहँड. बीएस-६, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल. आधीच्या मालकानं मागच्या काचेवर 'जाळ आणि धूर संगटच' असं ठसठशीत लिहून घेतलेलं. मी ते हौस म्हणून सोडून दिलं होतं. काही महिन्यांनी गाडी त्या ओळीला जागायला लागली. टाकी भरून आणली की सकाळी स्टार्टर मारून मारून हात दुखायचा, मग एकदा भक्कन काळा धूर टाकून इंजिन उठायचं आणि ताराराणी चौकातल्या सिग्नलला उभं राहून थरथरायचं. सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावलं तर काजळ घालायला घरात वेगळी डबी नको. अ‍ॅव्हरेजविषयी मी घरात बोलणं सोडलं होतं. आणि डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनाचा दिवा. बायकोला वास आधी आला. "अहो, गाडीत बसलो की रॉकेलच्या रांगेत उभा राहिल्यासारखं वाटतंय मला." पेट्रोल आणि रॉकेल यांत तिनं फरक केला नाही, पण निदान बरोबर दिशेला होतं.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्या मानानं वाढलं की मिश्रण 'रिच' होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून वास मारत बाहेर पडतं, अर्धवट जळलेलं काजळी होऊन प्लगवर बसतं. हे प्रमाण सांभाळायला गाडीत कॉम्प्युटर असतो, ऑक्सिजन सेन्सर असतो. एवढं सगळं असताना ती हावरटासारखी का पीत होती, हा प्रश्न मी चारचौघांत विचारला आणि फसलो. कारण कोल्हापुरात गाडीबद्दलचा प्रश्न विचारला की तो प्रश्न तुमचा राहत नाही.

पहिला आला मेव्हणा. हा मनुष्य सोन्यासारखा. महिन्यातून एखाद्या रविवारी माझी गाडी घेऊन जोतिबाला नाहीतर पन्हाळ्याला जातो आणि परत लावताना टाकी फुल करून लावतो. मी कितीही नको म्हटलं तरी ऐकत नाही, म्हणतो, "दाजी, रिकामी गाडी परत करायची आमच्या घराण्याची रीत न्हाई." त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. "टर्बो गेला."

टर्बोच्या नशिबी हे कायमचं आहे. गाडीचा हॉर्न बिघडला तरी लोक टर्बोकडे बोट दाखवतात. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली या प्रकाराचं पेटंट घेतलं. बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना. मिनिटाला लाखावर फेरे मारणारा हा जीव बिचारा हवा आणायच्या कामावर आहे, पेट्रोल द्यायचं खातं त्याच्याकडे नाही. शिवाय तो गेला असता तर गाडीची ओढ गेली असती. माझी गाडी जोतिबाच्या चढाला दणकून ओढत होती. रडारड सगळी जागेवर उभं असताना. हे मी मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेच तर! टर्बो जायच्या आधी असंच असतंय." यावर काय बोलणार?

दुसरे काका. काकांचा करवीर तालुक्यात ऊस आहे. चुलत्याच्या नात्यानं मी जाऊन म्हणालो, हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याचा तर काही संबंध नसेल? काकांनी पानाचा डबा खाली ठेवला.

"उसाचं नाव घेऊ नकोस."

मी घाईघाईनं म्हटलं, काका, पूर्ण ऐका. शुद्ध इथेनॉलला हवा लागते साधारण ९ पट, कारण थोडा ऑक्सिजन त्याच्या अंगातच असतो. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की हवा उरते, मिश्रण पातळ होण्याकडे झुकतं आणि कॉम्प्युटरला इंधन वाढवून द्यावं लागतं. माझी तक्रार बरोबर उलटी आहे.

"म्हंजे ऊस निर्दोष?"

"या केसमध्ये निर्दोष."

"मग ते तसं लिहून दे. कारखान्याच्या सभेत वाचून दाखवतो."

लिहून दिलं नाही, म्हणून काका अजून थोडे नाराज आहेत.

मग हायवेकडचं एक सर्व्हिस सेंटर. तिथं एसी होता, कॉफी होती, आणि टाय बांधलेल्या मुलानं छापून दिलेलं एस्टिमेट होतं. इंजेक्टर सेट, ऑक्सिजन सेन्सर, प्लग, इंजिन डीकार्बनायझेशन, आणि शेवटी 'आवश्यकता भासल्यास टर्बो असेंब्ली'. कशानं बिघडलंय हे त्यात कुठंच नव्हतं. आकडा बघून मी कॉफी अर्धी ठेवून उठलो.

शेवटी उद्यमनगर. खरं तर तिथंच आधी जायला पाहिजे, पण टर्बोवाली गाडी ओतीव कामाच्या आणि लेथच्या गल्लीत न्यायला मन धजत नव्हतं. मेस्त्रींनी आयुष्यभर ऑइल इंजिनं आणि कार्बोरेटर हाताळलेले. त्यांनी गाडी चालू करायला लावली, कान दिला, नाक दिलं.

"मिक्चर जाड झालंय. स्क्रू कुठाय?"

"मेस्त्री, हिला स्क्रू नसतो."

"मग मिक्चर कोण ठरवतंय?"

"कॉम्प्युटर."

मेस्त्रींनी बॉनेटखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाकडे बराच वेळ बघितलं. झाकण काढलं. खाली आणखी पाइप, वायरी, आणि आणखी एक झाकण. "ह्यात इंजिन हाय न्हवं?" त्यांनी खात्री करून घेतली. मग ऑइलची पट्टी बाहेर ओढली, नाकाशी नेली आणि चेहरा बदलला.

"ऑइलात पेट्रोल उतरलंय. वास बघा."

खरंच होतं. प्लग काढला तर कोरडी काळी काजळी, हात लावला की रंग देणारी. मेस्त्री म्हणाले, "आता लांब पळवू नका. ऑइल पातळ झालं की पयला बेरिंग खातंय." त्यांना टर्बोचं काही माहीत नव्हतं, पण टर्बोचं बेरिंग त्याच ऑइलवर जगतं, तेही लाखावर फेऱ्यांनी फिरत. छापील एस्टिमेटमध्ये टर्बो होता, ऑइलचा वास कुणी घेतला नव्हता. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पुढचं आमच्या पुतण्याला दावा. त्यो खोक्यातलं वाचतोय."

पुतण्या आयटीआय झालेला, हातात स्कॅनर, शब्द मोजून. त्यानं डॅशबोर्डच्या खाली वायर खोचली. कोड आला पी-०१७२, म्हणजे सिस्टिम रिच, बँक एक, म्हणजे सिलिंडरची पहिली रांग. मी म्हटलं, "म्हणजे सापडलं?"

"न्हाई साहेब. हे तुमच्या मॅडमनी पन सांगितलंय की, वास येतोय म्हणून."

कोड हा फक्त बोंब आहे, कुणी चावलं ते त्यात नसतं, हे त्याचं तत्त्वज्ञान मला फार आवडलं. त्यानं दोन आकडे दाखवले. शॉर्ट टर्म ट्रिम आणि लाँग टर्म ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर ठरलेल्या मापात किती टक्के वाढ-घट करतोय, ते हे आकडे सांगतात. उणे म्हणजे तो पेट्रोल कापतोय. जागेवर उभ्या गाडीचे आकडे होते लाँग टर्म उणे १९ आणि शॉर्ट टर्म उणे ५. म्हणजे कॉम्प्युटर जवळजवळ पाव हिस्सा कापत होता आणि तरी कुठूनतरी वरचा पुरवठा चालूच होता. मग त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरलं. आकडे झरझर शून्याकडे आले.

इथं त्यानं इंजिन बंद केलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत बोलला, ते आख्ख्या महिन्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. पंपाचं प्रेशर वाढलं असतं तर गाडी सगळीकडंच जास्त प्यायली असती, उभी असताना आणि पळताना. हवा मोजणारा सेन्सर पुढं असलेल्या गाडीत टर्बोनंतरचा पाइप फाटला, तर मोजलेली हवा वाटेत पळते आणि रिच होतं, पण जोर लावल्यावर. थंडगरमचा सेन्सर खोटं बोलत असता तर स्क्रीनवर तापमानच चुकीचं दिसलं असतं. ते ९० च्या आसपास ठीक होतं. ही जागेवरच पितेय आणि वेग आला की शहाणी होते. म्हणजे वरून येणारं पेट्रोल थोडंच आहे, पण ठरावीक आहे. इंजिन कमी हवा घेतं तेव्हा ते फार वाटतं, जास्त हवा घेतं तेव्हा त्यात हरवतं.

"म्हणजे इंजेक्टर गळतोय?"

"असंल. नायतर पर्ज." चहा संपवून तो उठला. इंजिनात हवा जाते त्या इनटेकला येणारा करंगळीएवढा एक रबरी पाइप शोधला, त्याला फडकं गुंडाळलं आणि पकडीनं हळूच चिमटला. मी स्क्रीनवर. शॉर्ट टर्मचा आकडा चढायला लागला. शून्य, अधिक ८, अधिक १६. लाँग टर्म अजून उणे १९ वरच होता, त्याला सवय मोडायला वेळ लागतो. पण बेरीज उणे ३ वर आली आणि इंजिनाची थरथर थांबली. पकड सोडली, परत थरथर. पकड दाबली, शांत. मी त्याला ते उगीचच पुन्हा करायला लावलं.

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ती एका कोळशाच्या डब्यात अडकवतात. त्याला कॅनिस्टर म्हणतात. इंजिन गरम झालं की कॉम्प्युटर मधला पर्ज व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडून ती वाफ इंजिनाला पाजतो. माझा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पुतण्यानं तो काढून, वायर न लावता सरळ तोंडाला लावून फुंकला. हवा आरपार. आत कोळशाची बारीक कणी. मग मागं जाऊन कॅनिस्टर सोडवला, तिरपा केला, तर त्यातून चक्क पेट्रोल ठिबकलं. वाफेच्या घरात पातळ पेट्रोल.

"साहेब, टाकी कोण भरतंय?"

"का?"

"नोझल कट झाल्यावर वरनं कोण मारतंय? असं भरलं की जादाचं पेट्रोल वाफेच्या पाइपातनं हितं येतंय. कोळसा भिजतोय, फुटतोय, आन् व्हॉल्व्हात जाऊन बसतोय."

माझ्या डोळ्यांपुढं मेव्हणा उभा राहिला. नोझल कट झाल्यावर "मार अजून" म्हणणारा, हवेचे बुडबुडे निघून आणखी शे-दोनशेचं बसावं म्हणून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवणारा, आणि घराण्याची रीत पाळणारा माझा सोन्यासारखा मेव्हणा.

व्हॉल्व्ह, कॅनिस्टर, प्लग, ऑइल आणि फिल्टर बदलले. एस्टिमेटच्या मानानं बिल किरकोळ. अवघड काम पुढं होतं. बायकोला मी फार जपून, आधी वाफ, मग कोळसा, मग व्हॉल्व्ह अशा क्रमानं सांगत गेलो. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे माझ्या भावानं जास्त पेट्रोल भरलं, ही तक्रार आहे?"

अशी तक्रार जगात कुठल्या नवऱ्यानं केली असेल तर मला त्याला भेटायचं आहे. मी म्हटलं, तक्रार नाही, जरा कमी भरलं तर बरं. ती म्हणाली, "तुमच्या भावानं एकदा भरून दाखवावं, मग मी सांगतो त्याला कमी भर म्हणून." विषय तिथंच बंद झाला. मेव्हण्याला मी फक्त टर्बो वाचला असं कळवलं. तो म्हणाला, "बघा, मी म्हणलोच होतो, टर्बोचंच काहीतरी हाय."

मी तेवढं ठरवलं, की तो गाडी न्यायच्या आदल्या दिवशी टाकी आपणच भरून ठेवायची, म्हणजे त्याला भरायला जागाच कमी. परवा पंपावर गेलो. नोझल खट्टकन कट झाला. आकडा २,८३७ रुपये आणि काही पैसे. पोरानं नोझल पुन्हा दाबायला घेतला.

"राउंड फिगर करतो, साहेब."

"नको. तेवढंच."

"अहो, बसतंय की अजून."

"बसतंय, पण नको."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला क्षणभर खिशात पैसे आहेत का ते चाचपावंसं वाटलं. मागच्या बुलेटवाल्यानंही सहानुभूतीनं हॉर्न थांबवला. मी मोबाइलवरून पैसे दिले आणि गाडी कोपऱ्यात हवेच्या मशीनकडे घेतली. तिथला पोरगा सगळं ऐकत होता. मी सांगितलं, चारी चाकांत तेहतीस.

"पस्तीस करतो, साहेब," तो हळूच म्हणाला. "हवा फुकटच हाय."