चौथ्या सीटची माणुसकी

‘ज्याला हात लावता येत नाही, ते भाववाचक नाम.’ ही व्याख्या ठाण्यात घरोघरी रात्री नऊला शिकवली जाते आणि सव्वानऊला कोसळते. पाचवीतलं पोरगं शांतपणे विचारतं, “मग भूत?”

भुताला हात लावता येत नाही, लावायला जाऊही नये. पण ते सामान्यनामच. एक भूत, दहा भुतं, अगदी व्यवस्थित मोजता येतात. हवेचंही तसंच. ती दिसत नाही म्हणून भाववाचक होत नाही, ती पदार्थवाचक. घोडबंदर रोडला तर ती दिसतेसुद्धा.

तेव्हा हाताचं सोडा. व्याकरणात यासाठी धर्मी आणि धर्म अशी जोडी आहे. ज्याच्या अंगी गुण तो धर्मी, आणि तो गुण म्हणजे धर्म. (हा शब्द घरात जपून उच्चारावा, आजोबा चर्चेत उतरतात.) कसोटी साधी आहे: धर्मी उचलून नेला तर मागे काही उरतं का? लिंबू उचललं की आंबटपणा ताटात राहत नाही. म्हणून लिंबू सामान्यनाम, आंबटपणा भाववाचक.

इथवर सोपं. छळ सुरू होतो तो तक्त्यापासून: ‘पुढील शब्दांची भाववाचक नामे लिहा’. पोरगं प्रत्येकाला ‘पणा’ लावत सुटतं. त्याचं फार चुकत नाही, कारण पणा हा खरोखरच फ्रीसाईज प्रत्यय आहे. फक्त आकारान्त विशेषणाचा आधी ‘ए’ करायचा: मोठा–मोठेपणा, वेडा–वेडेपणा. ‘चांगला’ मात्र ऐकत नाही, तो ‘चांगुलपणा’ होतो. आणि ‘आळस’ला पणा लावू नये. तो आधीच भाववाचक आहे. पणा लागतो तो ‘आळशी’ला.

फारसीकडून आलेली ‘गिरी’ ‘गुलाम’ला लागते तशी ‘दादा’लाही. ‘ई’ आणि ‘की’ लावताना ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष हवं: गरीब दीर्घ, गरिबी ऱ्हस्व, माणूस दीर्घ, माणुसकी ऱ्हस्व. हे पाठ झालं की पोरगं ‘नाविन्य’ लिहून येतं. ते चूक, कारण नावीन्य संस्कृतातून तयार होऊन आलेलं आहे, तिथली ‘वी’ दीर्घच राहते.

संस्कृत ‘य’ची गंमत अशी की तो शेपटाला लागतो आणि डोकं फुगवतो. पहिल्या अक्षरातल्या अ चा आ होतो, इ-ई चा ऐ, उ-ऊ चा औ. मधुर–माधुर्य, धीर–धैर्य, शूर–शौर्य. एवढं झालं की काम संपलं. पण सत्काराच्या भाषणात माणसाला तेवढ्याने पुरत नाही. तो पाहुण्यांची ‘औदार्यता’ काढतो, ‘सौजन्यता’ काढतो आणि शेवटी सर्वांना ‘ऐक्यते’चं आवाहन करतो. उदारता म्हणा नाहीतर औदार्य म्हणा. एका डोक्यावर दोन हेल्मेट घालून कोणी जास्त सुरक्षित होत नाही.

त्याहून नाजूक मामला एका कान्याचा. ‘शहाणपण’ नपुंसकलिंगी, ते चारचौघांत वाखाणलं जातं. ‘शहाणपणा’ पुल्लिंगी, तो बहुतेकदा ‘जास्त करू नकोस’ याच्याच जोडीला येतो. मोठेपण अंगी असतं, मोठेपणा मिरवला जातो. माझ्या मते परीक्षेत हाच प्रश्न यायला हवा, पण येत नाही.

एकाच विशेषणाला तीन प्रत्यय लावले तर तीन वेगळे माल निघतात. थंडी डिसेंबरात पडते, म्हणजे नवी मुंबईत पडली तर. थंडावा शहाळ्याने मिळतो. थंडपणा खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे असतो. गोडवा बोलण्यात, गोडी वाचनाची. आणि ओलावा नात्यात असला तर उत्तम. तोच शब्द आखूड होऊन ‘ओल’ झाला आणि भिंतीवर आला, की सोसायटीत वरचा आणि खालचा मजला यांच्यातला ओलावा संपतो.

भाववाचक नामाला अनेकवचन नसतं, असं पुस्तक सांगतं. म्हणून ‘दोन गरिब्या’ होत नाहीत. पण ‘आवडी’ होतात, ‘अडचणी’ तर होतातच. मोजायला लागलो की ते नाम सामान्यनामासारखं वागू लागतं. ‘शांती तिसऱ्या मजल्यावर भांडते’ म्हटलं तर ते विशेषनाम. घणसोली-ऐरोलीच्या जुन्या गावठाणांत तर ‘भावकी’ लग्नाला येते आणि चार पंगती उठवून जाते. भाऊपणाचा तो भाव कधीच माणसांचा गोतावळा झाला. त्याला हात लावून पाहायची कोणाची हिंमत नाही, एवढाच काय तो व्याख्येशी संबंध उरला.

मुलांना समजवायचंच असेल तर वहीपेक्षा संध्याकाळची ठाणे–वाशी लोकल बरी. बाक तिघांचा. चौथा येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि टेकतो. त्याच्याखाली बाक जेमतेम वीतभर असतो. उरलेला माणूस पॅसेजमध्ये माणुसकीवर बसलेला असतो. ऐरोली जाते, रबाळे जातं, एक पाय बधिर होतो. कोपरखैरण्याला खिडकीपाशी बसलेला उठतो, सगळे सरकतात, आणि मग माणुसकी लागत नाही.