एक बाटली तरी चढवाच!

तुमचं माणूस इस्पितळात कॉटवर पडलंय आणि तुम्ही भेटायला आलात. हातात शहाळं आहे. आता पुढे काय? नुसतं 'कसं वाटतंय' विचारून परत गेलात तर चार लोक नावं ठेवतील. तेव्हा सल्ला द्या. सल्ला शोधायला फार लांब जायला नको, तो एकच आहे: रक्त चढवा.

आमची आई ७४ वर्षांची, वजन ४२ किलो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टर म्हणाले, "रक्ताची गरज नाही, लोहाचं इंजेक्शन देऊ, आठ दिवसांत वॉकर धरून चालतील." इथे गोष्ट संपली असती. पण आमचे नातेवाईक आहेत, आणि ते जातीने हजर होते. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, हिमोग्लोबिन डोळ्यांनी मोजावं. लॅब वगैरे शहरातली थेरं. आमच्या मामीने आईची खालची पापणी अंगठ्याने ओढली, आत बघितलं आणि निदान केलं, "तोंड बघ तिचा, पांढराफटक पडला हा. रगत चढवल्याशिवाय उठूची नाय ती." डॉक्टर बिचारे कागदावरच्या आकड्याला धरून बसले. या लोकांना अभ्यासाची फार हौस. अमेरिका आणि कॅनडातल्या ४७ इस्पितळांत खुब्याचं हाड मोडलेल्या, वर हृदयाचा आजार किंवा त्याचा धोका असलेल्या २०१६ रुग्णांवर यांनी प्रयोग केला आणि २०११ साली छापला. निम्म्यांचं हिमोग्लोबिन दहाच्या वर राहील असं रक्त देत राहिले. उरलेल्यांना ते आठच्या खाली गेलं किंवा त्रास दिसला तरच दिलं. पहिल्या गटात १८६६ पिशव्या लागल्या, दुसऱ्यात ६५२. साठ दिवसांनी बघितलं, किती दगावले आणि किती जणांना आधाराशिवाय खोली ओलांडता येत नाही? पहिल्या गटात ३५.२ टक्के, दुसऱ्यात ३४.७. बाराशे पिशव्या जास्त ओतून कुणी एक पाऊलही जास्त चाललं नाही. पण त्या अभ्यासात आमची मामी नव्हती, म्हणून तो अपुरा समजावा.

डॉक्टर ऐकत नसतील तर संख्याबळ वाढवा. कॉटभोवती आम्ही नऊ जण होतो. डॉक्टर एक. लोकशाही आहे. "उद्या काय झालं तर जबाबदार कोण?" हे वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वेळी म्हणायचं. चौथ्यांदा डॉक्टर चिठ्ठी लिहितात. (आमच्याही लिहिली. त्यांना मी सोडून देणार नाही, पण त्यांची पाळी नंतर.)

मग रक्तपेढीवाले म्हणाले, जमलं तर बदल्यात कुणीतरी दान करा. बघता बघता कॉटभोवती हवा खेळू लागली. एकाला शुगर. एकाला सुई बघूनच गरगरतं. एकाची आषाढी जवळ आलेली, उपासाचं अंग. एकजण गाडी नीट लावलीय का बघायला गेला तो थेट जेवायच्या वेळी उगवला. शेवटी माझा भाचा गेला, वय २२, कालच कॉलेजातून आलेला. रक्त मागायला नऊ तोंडं, द्यायला एक दंड, हे प्रमाण लक्षात ठेवा.

रक्त आणायला जाताना मासळीचा थर्मोकोलचा डबा न्यावा. मासेमारी बंद असते जून-जुलैत, डबा घरी रिकामाच पडलेला असतो. कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ घ्यायचा, खाली पसरायचा, वर पिशवी ठेवायची, बांगड्यासारखी. मग पावसातून तालुक्यापर्यंत दीड तास बाइक. वाटेत घर लागतं, तर चहा घेऊन निघायचं. तांबड्या पेशींना दोन ते सहा अंश तापमान लागतं, बर्फाला थेट चिकटून त्या गोठल्या तर फुटतात आणि तसं रक्त अंगात गेलं तर मूत्रपिंडाला फास लागतो, हे सिस्टरने सांगितल्यावर तिच्यावर ओरडायचं. आमच्या दोन पिशव्यांतली खालची तिने बाजूला काढली. "फुकट गेली? आम्ही पैसे भरले!" पैसे प्रक्रियेचे भरले होते, रक्त कुणाचं तरी होतं. ते कुणीतरी असंच सकाळी उपाशीपोटी न जाता, नीट न्याहारी करून, दंड पुढे करून दिलेलं. पण ते असो. संध्याकाळपर्यंत दुसरी आली.

रक्त गार लागतं, तेव्हा पिशवी बंबातल्या पाण्यात बुडवा.

त्याच नळीतून ग्लुकोजही सोडायला सांगा, ताकद येते.

नाव विचारलं की चिडा. सिस्टर पेशंटला नाव विचारते, हातावरची पट्टी बघते, पिशवीवरचा नंबर वाचते, मग दुसऱ्या सिस्टरला बोलावून तेच पुन्हा करते. किती हा बावळटपणा! वॉर्डात आमच्याच आडनावाच्या तीन बायका होत्या, त्यातल्या दोन एकाच वाडीतल्या, हे खरं. चुकीच्या गटाचं रक्त बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या अज्ञानामुळे जात नाही, नमुना घेताना किंवा पिशवी लावताना माणूस ओळखण्यात चूक झाल्यामुळे जातं, हेही खरं. आणि 'आमच्या घरात सगळे ओ पॉझिटिव्ह, तपासायचं काय त्यात' असं काका म्हणाले तेव्हा मला डॉ. भेंडे आठवले. १९५२ साली मुंबईत त्यांना असा रक्तगट सापडला की साध्या तपासणीत ओ दिसतो, पण ओ गटाचं रक्त त्याला चालत नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात तो. आपल्याच मुलखातला शोध. क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का बघायला, तासभर लावतात तो काही चहा पिण्यासाठी नाही. पण काका तो तासभर खिडकीवर बोटं वाजवत होते.

घरचंच रक्त हवं असा हट्टही धरावा. "पोटचो पोरगो उभो हा, परक्याचा कशाक?" ऐकायला किती गोड. सख्ख्या नात्यातलं रक्त इतकं जवळचं असू शकतं की त्यातल्या पांढऱ्या पेशी परक्या म्हणून ओळखूच येत नाहीत, त्या आत ठाण मांडतात आणि पेशंटच्याच शरीरावर उलटतात. क्वचित होतं, पण झालं की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून असं रक्त आधी किरणांखाली धरावं लागतं. ती सोय तालुक्याला कुठली? जाऊ दे, माया महत्त्वाची.

डेंग्यू असेल तर प्लेटलेट मागा. सिंगापूर-मलेशियात ३७२ रुग्णांवर बघून २०१७ मध्ये सांगितलंय की रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही, त्रास मात्र वाढतो. तरी मागा. सोबत पपईच्या पानाचा रस न्या.

साहेबांच्या वाढदिवसाला एका दिवसात दोनशे पिशव्या गोळा करा, फ्लास्क वाटा, फोटो काढा. तांबड्या पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात. मे महिन्यात रक्त नाही म्हणून रडायला पुन्हा तुम्हीच.

आता खरी विद्या. सलाइनच्या नळीवर एक चाकी असते. अंगठ्याने फिरवली की थेंब भरभर पडतात. ही चाकी देवाने नातेवाइकांसाठी केली आहे. सिस्टरने पिशवी लावली पाच वाजता, पहिली पंधरा मिनिटं कॉटजवळ उभी राहिली, नाडी बघितली, बीपी बघितलं, थेंब मोजून चाकी लावली आणि म्हणाली, "वय आहे, वजन कमी आहे, तीन-चार तास लागतील. हात लावू नका." ती गेली दुसऱ्या कॉटकडे. काकांना रात्रीची कोकणकन्या पकडायची होती. पावसाळी वेळापत्रक, तिकीट कन्फर्म. "बाटली संपलेली बघून जातंय, म्हणजे जीवाक बरा वाटात." आणि फिरवली चाकी. मी बघितलं. मी बघितलं आणि गप्प बसलो, कारण काका, कारण मोठे, कारण मुंबईहून आलेले. सहा-सव्वासहाला पिशवी रिकामी. दुसरी लागली. काका जाताना पुन्हा एकदा अंगठा लावून गेले, वाटेच्या देवाला हात लावावा तसे.

साडेनऊला आई उठून बसली. ती आपण होऊन बसू शकत नव्हती, खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले, तरी बसली. पलंगाची कड धरली. बोलता येईना. छातीत घरघर, विहिरीत कळशी बुडताना होते तशी. ओठ निळे. बीपी १९०. म्हाताऱ्या, थकल्या हृदयात एवढं पाणी एवढ्या लवकर ओतलं की ते फुप्फुसात साचतं. माणूस पलंगावर बसल्या बसल्या बुडतं. इंग्लंडात १९९६ पासून रक्त चढवताना झालेल्या अपघातांची नोंद ठेवतात, आणि मृत्यूच्या मोठ्या कारणांत हे वर्षानुवर्षं पुढे असतं. एड्स नाही, कावीळ नाही. घाई.

ऑक्सिजन, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी लॅसिक्सची इंजेक्शनं, रात्रभर. पहाटे चारला ती नीट श्वास घ्यायला लागली. मी तोवर तिच्या पायाशी उभा होतो आणि मनात फक्त ती चाकी फिरत होती.

आता उपरोध बास झाला. ऐका. रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. दुसऱ्याच्या शरीराचा तुकडा आहे तो, लागतो तेव्हा जीव वाचवतो आणि लागत नाही तेव्हा नुसता धोका असतो. बाळंतपणात रक्त जातं, महामार्गावर अपघात होतो, थॅलेसेमियाच्या पोरांना महिन्याला एक-दोनदा लागतं, त्यांच्या वाट्याची पिशवी तुम्ही तुमच्या 'जीवाक बरा वाटावा' म्हणून ओतून घेता. तुम्हाला काही कळत नाही. पापणी ओढून कळत नाही. डॉक्टर नको म्हणतो तेव्हा तो कंजूषपणा करत नसतो. आणि डॉक्टर, तुम्हीही. नऊ माणसांना घाबरून चिठ्ठी लिहिलीत. नको म्हणाला होतात ते बरोबर होतं, तर तेच चौथ्यांदा म्हणायला काय झालं होतं? रक्ताच्या अशा प्रतिक्रिया नोंदवायचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १० डिसेंबर २०१२ पासून आहे. फॉर्म भरलात का विचारलं तर म्हणालात, "आता बऱ्या आहेत ना त्या?" आणि मी. मी त्या चाकीपासून दोन हातांवर उभा होतो.

सकाळी काकांचा फोन आला, ठाण्याला उतरल्या उतरल्या. "काय रे, रगत चढवल्यावर तरतरी इली ना म्हातारीक?"

गणपतीला येणार आहेत ते. हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे, खळ्यात, सगळ्यांसमोर, आरतीच्या आधी.