‘छिद्र बुजले, तपासणी संपली’ या संदेशाविषयी खुलासा

इंदूरच्या रामबाग परिसरातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या असा संदेश फिरतो आहे की, ‘नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांना मोठेपणी तपासणीची गरज उरत नाही.’ हे विधान चुकीचे आहे.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत हृदयाच्या मूळ जन्मजात दोषाची रचना आणि रुग्णाची सध्याची शारीरिक अवस्था, अशा दोन्ही बाजूंनी वर्गवारी केली आहे, आणि तपासणीचे अंतर तिच्यावरून ठरते. वरच्या कप्प्यांमधील छिद्र बुजवलेल्या, कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तीने ३ ते ५ वर्षांनी तज्ज्ञाला भेटावे, असे त्यांत म्हटले आहे. गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच असावे, कारण ‘क्वचित’चे ‘कधीच नाही’ व्हायला एक फॉरवर्ड पुरतो.

फॅलोची टेट्रालॉजी, म्हणजे हृदयातील चार जन्मजात दोष एकत्र असलेला विकार, दुरुस्त केलेल्यांची गोष्ट निराळी आहे. फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीच्या झडपेतून रक्त वर्षानुवर्षे मागे गळत राहते आणि उजवा कप्पा हळूहळू फुगतो. रुग्णाला काहीच जाणवत नसतानाही हे घडू शकते. म्हणून त्यांची तपासणी १ ते २ वर्षांनी व्हावी, आणि अवस्था बिघडलेली असल्यास त्याहून लवकर.

दात काढण्यापूर्वी अशा प्रत्येकाने प्रतिजैविक घ्यावे, हे त्याच संदेशातले दुसरे विधानही सरसकट खरे नाही. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या अंतःस्तराचा संसर्ग, न दुरुस्त झालेला निळसर दोष (ज्यात रक्तात प्राणवायू कमी पडून त्वचा निळसर दिसते) किंवा कृत्रिम साहित्य वापरून केलेल्या दुरुस्तीनंतरचे पहिले ६ महिने, अशा मोजक्या स्थितींसाठीच ती सूचना आहे.