वेरूळचा रावण आणि ‘जरा अभ्यास’

“पार्वती घाबरलेली नाही, रुसलेली होती, डोंगर हलल्याचं निमित्त झालं. शिवतांडव वाल्मीकींत कुठेच नाही. फोटोही काळे आलेत. जरा अभ्यास करून लिहीत जा.” वेरूळच्या कैलास लेण्यात कैलास पर्वत हलवणारा रावण कोरलाय, त्या शिल्पावरच्या माझ्या लेखाखाली आपण हे लिहिलंत. फोटो काळे आलेत, मान्य. रावण खोल कपारीत कोरलाय, तिथे उजेड कमीच पोचतो.

पण ‘जरा अभ्यास’? ही कुठली भाषा? माझे आजोबा कीर्तनकार. कुबेराला हरवून पुष्पकातून निघालेला रावण, वाट अडवणारा नंदी, त्याच्या वानरमुखाला हसल्याबद्दल मिळालेला शाप, हे सगळं मी शाळेत जायच्या आधी ऐकलंय. कैलास लेणंही पहिल्यांदा त्यांचंच बोट धरून पाहिलं. तेव्हा आपल्याकडून दाखला घ्यायची गरज मला वाटत नाही.

रुसवा कवींना शोभतो, रंगवोत बापडे. आपण मात्र सोळाव्या, म्हणजे याच कैलास लेण्यात मंदिराच्या दक्षिण अंगाला उभं राहून वर बघा. पार्वती शंकराचा दंड धरून त्याला बिलगली आहे आणि तिच्यामागे दासी पळत सुटली आहे. दासीही रुसली होती का? वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात पर्वत हलला, गण कापले, पार्वतीने महेश्वराला मिठी मारली, एवढंच येतं. रुसव्याचं नाव नाही. घाबरून नवऱ्याला धरण्यात आपल्याला कमीपणा वाटत असेल. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या राज्यात छिन्नी चालवणाऱ्याला वाटला नाही.

आणि ती भीती काढली तर शिल्पात उरतं काय? खाली वीस हातांचा जोर, वर ही धांदल, म्हणून तर शंकराचं निवांत बसणं अंगावर येतं. डोंगर जागेवर बसवायला त्याला नुसता पायाचा अंगठा दाबायचाय. पार्वतीही लटकी रुसून बसली असेल तर रावणाचा तो सगळा आटापिटा फुकटच की! हे कळायला पोथी लागत नाही, डोळे लागतात. असो.

शिवतांडव स्तोत्राचं म्हणाल तर वाल्मीकींचा रावण त्या डोंगराखाली सापडून हजार वर्षं रडत सामगायन करतो. लोक त्यालाच शिवतांडव म्हणतात, मीही म्हटलं. त्यावर काथ्याकूट करायला मला वेळ नाही.

घारापुरीच्या रावणावर पुढे लिहिणार आहे. तिथे काही सुनवायचं असेल तर टोपणनावाआडून नको, खऱ्या नावाने या.