‘केस पेपर हवेत? कोर्टाची ऑर्डर आणा’ हे कुठल्या नियमात आहे?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केस पेपर ही हॉस्पिटलची मालमत्ता, पेशंटला फक्त डिस्चार्ज कार्ड मिळतं, बाकी कागदांसाठी वकिलाची नोटीस किंवा कोर्टाची ऑर्डर लागते, गोपनीयतेमुळे नातेवाइकांना काहीच देता येत नाही, बिल बाकी असेल किंवा स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतला असेल तर हक्क संपला, तीन वर्षांनी सगळं नष्ट करावंच लागतं, आणि आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढलं की कागदांची गरजच नाही. खाली ‘सर्वांना पाठवा’ आहेच. आमच्या मामींनी हे वाचून मामांच्या ऑपरेशनचे कागद मागायचं सोडून दिलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी कोर्टाचं, कारण खरं नुकसान त्यानेच होतं. भारतीय वैद्यक परिषदेचे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम आहेत. त्यातला १.३.२ सांगतो की पेशंटने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्या, तर त्या मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. पेशंटचं नाव त्या यादीत पहिलं आहे. नियम ७.२ पुढे जाऊन सांगतो की असे कागद नाकारणं हे डॉक्टरचं गैरवर्तन. ऑगस्ट २०२३मध्ये नवे नियम आले खरे, पण तीन आठवड्यांत स्थगित झाले. तेव्हा ‘ते जुने नियम गेले’ हे काउंटरवरचं उत्तर मानू नका. मुंबई उच्च न्यायालयाने तर रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात १९९६ सालीच सांगितलंय की पेशंटने किंवा जवळच्या नातेवाइकाने केस पेपरच्या प्रती मागितल्या तर हॉस्पिटलने आणि डॉक्टरने त्या द्यायला हव्यात, गुप्ततेची सबब चालणार नाही. ज्या गोष्टीचा निकाल तेव्हाच लागला, तिच्यासाठी आज प्रत्येकाने वेगळी ऑर्डर आणायची?

लोकांचं अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. ते काउंटरवर जाऊन ‘फाइल द्या’ म्हणतात. तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही, त्यामुळे ७२ तास कधी सुरू झाले हे नंतर दाखवता येत नाही. आणि ‘फाइल’ म्हटलं की डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत हातात ठेवून बोळवण होते.

म्हणून एक पानी अर्ज करायचा. तो मेडिकल सुपरिंटेंडेंट आणि उपचार करणारे डॉक्टर, दोघांच्या नावे असावा. हे दुसरं नाव लोक हमखास विसरतात. वरचा नियम डॉक्टरला बांधतो. अर्ज नुसता ‘व्यवस्थापक’ यांना असेल तर पुढे डॉक्टर ‘मला कोणी मागितलेच नाहीत’ म्हणायला मोकळे. अर्जात पेशंटचं नाव भरतीच्या वेळी लिहिलं होतं तसंच, आयपीडी नंबर (भरतीचा क्रमांक), भरती आणि डिस्चार्जच्या तारखा. मग कागदांची यादी: भरतीच्या वेळची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोट्स, नर्सिंग आणि औषधांचे चार्ट, आयसीयू चार्ट, संमतिपत्रं, ऑपरेशन व भुलीच्या नोट्स, सगळे रिपोर्ट, इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचे स्टिकर आणि बाबवार बिल. ‘साक्षांकित प्रती, प्रत्येक पानावर क्रमांक’ असं स्पष्ट लिहा. मधली पानं गळली तर लगेच कळतं. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळसुद्धा घ्या, कारण मुदत तासांत आहे. अर्ज घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, शिवाय ईमेल करा. झेरॉक्सचा वाजवी खर्च मागितला तर द्या, पावती घ्या.

यावरून ‘फक्त डिस्चार्ज कार्ड मिळतं’ हाही मुद्दा निकालात निघतो. विमा कंपनी क्लेमवर शंका काढते तेव्हा बहुधा आतले केस पेपरच मागते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर सीटी-एमआरआयची सीडी मागा, फिल्मवर निवडक चित्रंच असतात. कॅन्सरची शंका असेल तर बायॉप्सीच्या रिपोर्टवर थांबू नका. स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे काढलेल्या तुकड्याचे काचेवरचे काप आणि मेणात जपलेला भाग, मागा. ते सही घेऊन देतात, आणि दुसरी लॅब त्यावरच पुन्हा तपासणी करते.

मालमत्तेच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, मान्य. मूळ फाइल हॉस्पिटलकडेच राहते, कारण ती सांभाळण्याची जबाबदारी त्यांची आहे. तुमचा हक्क प्रतीवर. मेडिको-लीगल केसमध्ये, म्हणजे अपघात, मारहाण अशा पोलिसांत नोंद होणाऱ्या प्रकरणात, काही मूळ कागद पोलिसांकडे जातात, हेही खरं. मानसिक आजारात, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, पेशंटला गंभीर मानसिक इजा होईल असा विशिष्ट भाग डॉक्टर रोखू शकतात. तो मिळावा म्हणून त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागता येते. एवढ्या अपवादांवरून ‘कुणालाच काही मिळत नाही’ म्हणणं म्हणजे शुद्ध थाप.

नातेवाईक: पेशंट हयात असेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र जोडा. निधन झालं असेल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा. गोपनीयता पेशंटच्या रक्षणासाठी आहे, त्याच्याच माणसांना परतवण्यासाठी नाही.

बिल बाकी, ‘डामा’ डिस्चार्ज (डॉक्टरांचा सल्ला डावलून स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला): ७२ तासांच्या नियमात यांपैकी एकही अट नाही. बिलाची वसुली हॉस्पिटलने वेगळी करावी.

तीन वर्षं ही नोंदी जपण्याची किमान मुदत आहे, जाळून टाकण्याचा आदेश नव्हे. पण एक बारकावा आहे: ती उपचार सुरू झाल्यापासून मोजतात, डिस्चार्जपासून नाही, आणि नियम भरती झालेल्या पेशंटपुरता आहे. ओपीडीचे कागद आपणच जपायचे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं, तेव्हा मागणी लवकर केलेली बरी.

आभा हा १४ आकडी क्रमांक आहे. जुनी कागदी फाइल त्यात आपोआप जाऊन बसत नाही. त्या यंत्रणेला जोडलेल्या दवाखान्याने डिजिटल नोंद केली तरच ती तिथे दिसते.

सरकारी दवाखान्यातही आधी हाच अर्ज. माहिती अधिकार हाताशी आहेच, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप आणि पानाला दोन रुपये, पण तिथे मुदत ३० दिवस. ७२ तासांचा रस्ता सोडून आधी तिकडे का जायचं?

तीन दिवस उलटले तर डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, हॉस्पिटलवर नाही. खासगी हॉस्पिटलची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली. दोन्हींसोबत शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत लागेल.