तडजोडीला बसलं म्हणजे केस हरली?

घटस्फोटाचा दावा चालू असलेल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. समोरच्याशी तडजोडीला बसू नका, असं त्यात बजावलंय. तिथे बोललेलं कोर्टात तुमच्यावरच उलटेल, सही केली की अडकलात, मुलांच्या खर्चावर पाणी सोडावं लागेल आणि वर सहा महिने थांबावंच लागेल. आधीच धास्तावलेली माणसं हे वाचून मध्यस्थीची तारीख चुकवतात, म्हणून उत्तर देणं मला भाग वाटतं. हे हिंदू विवाह कायद्याखालच्या दाव्यांपुरतं आहे.

पहिलं म्हणजे, तडजोडीला बसलं म्हणून दावा सोडल्यासारखं होत नाही. समेटाचा प्रयत्न करणं हे 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 9 नुसार न्यायालयाचंच कर्तव्य आहे. जमलं नाही तर दावा पुढे चालतो, तुमचा एकही मुद्दा कमी होत नाही.

बोललेलं उलटेल, हेही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं की तडजोड झाली तर मध्यस्थाने फक्त सह्यांचा करार न्यायालयाकडे पाठवायचा, आणि फिसकटली तर ‘झाली नाही’ एवढंच कळवायचं. कोण किती रकमेला तयार होतं, हे त्यात येत नाही. एक अपवाद मात्र माहीत हवा. मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल न्यायालय पाहू शकतं, असं 2019 च्या निकालात म्हटलंय. तो अहवाल मुलाच्या हितासाठी असतो.

सहीबद्दल बोलायचं तर परस्पर संमतीच्या अर्जातली संमती हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत मागे घेता येते. हे 1991 पासून ठरलेलं आहे. दमदाटीने किंवा फसवून घेतलेली संमती तर कायद्याला चालतच नाही. पण ठरलेली रक्कम खिशात घालून मग शब्द फिरवणाऱ्याची न्यायालय गय करेल, अशी आशा कोणी धरू नये.

मुलांच्या खर्चाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. तो हक्क मुलाचा असतो. आईने किंवा बापाने ‘काही नको’ असं लिहून दिलं म्हणून तो संपत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 नुसार ताबा, खर्च आणि शिक्षणाचे आदेश घटस्फोटानंतरही अर्ज करून बदलता येतात. नुकसान होतं ते ढिसाळ लिहिलेल्या कन्सेंट टर्म्समुळे, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींमुळे. ‘वडील मुलाला भेटतील’ एवढंच लिहिलं की पहिल्याच दिवाळीत भांडण उभं राहतं. कोणते वार, किती वाजता, कुठून न्यायचं, कुठे सोडायचं, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत मूल कोणाकडे, शाळेची फी कोण थेट भरणार, आजारपणाचा खर्च कसा वाटायचा, पासपोर्टवर सही कोण करणार, हे सगळं कागदावर हवं. एकरकमी पोटगीचे हप्ते आणि त्यांच्या तारखा हव्यात. स्त्रीधनाची यादी दागिन्यागणिक हवी. एकमेकांवरच्या फौजदारी तक्रारींचं काय करायचं, तेही हवं. आणि हे न्यायालयासमोर दाखल व्हायला हवं. घरी स्टॅम्पपेपरवर ‘फारकत’ लिहून नोटरीचा शिक्का मारला तर, मान्य रूढीचा अपवाद सोडता, लग्न मोडत नाही.

परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2017 मध्येच बराचसा सुटला. दोघं दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, ताबा खरोखर मिटला असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. म्हणजे तडजोड नीट झाली असेल तर वेळ वाचतो.

मेसेजमागची भीती एका ठिकाणी रास्त आहे. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मागावा. समोर बसायची भीती वाटत असेल तर तसं मध्यस्थाला सांगून वेगळं बोलायची मागणी करावी. कोणी घाई केली तरी मसुदा घरी नेऊन वाचायला मागावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.