बंबाला फाटी, शेजाऱ्यांना झोप

पुण्यात घरच्या बंबासाठी लाकडं कापायला परवडणारी, कमी आवाजाची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, घ्यायची तर तिच्या खोक्यावरचा 'सायलेंट' हा शब्द मिसळीच्या पाटीवरच्या 'मध्यम तिखट'सारखा वाचावा, म्हणजे पाणी हाताशी ठेवून. विजेवरच्या करवतीची ध्वनिशक्ती साधारण १०० ते १०५ डेसिबल असते, पेट्रोलवालीची ११० ते ११५. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. तेव्हा विजेवाली बरी, यात वाद नाही. पण १०४ डेसिबलची करवत मोकळ्या अंगणात चालवली तरी दहा मीटरवरच्या शेजाऱ्यापर्यंत ७५-७६ डेसिबल पोचतातच. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आखलेली दिवसाची मर्यादा आहे ५५. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल गळतात. या हिशोबाने शेजारी शंभर-एकशेदहा मीटरवर हवा. ज्याला पुण्यात असा प्लॉट परवडतो, तो परवडणारी करवत शोधत बसत नाही.

नियमांतली रात्र दहा ते सहा. पुण्यातली आणखी एक रात्र दुपारच्या जेवणानंतर सुरू होते, तिची नोंद राजपत्रात नाही, पण अंमलबजावणी कडक आहे. म्हणून माझ्या मते करवत निवडताना 'किती आवाज' यापेक्षा 'किती वेळ आवाज' हा प्रश्न आधी विचारावा. विजेवालीचं खरं सुख इथे आहे. खटका सोडला की ती गप्प. पेट्रोलवाली दोन कापांच्या मधेही उगाच घरघरत राहते.

खोक्यावर भोंग्याच्या चित्राशेजारी जो डेसिबलचा आकडा छापतात, तो यंत्राच्या एकूण ध्वनिशक्तीचा. माहितीपत्रकात आत कुठेतरी दुसरा आकडा असतो, चालवणाऱ्याच्या कानापाशी मोजलेला, आणि तो दहा-बाराने कमी असतो. ज्या विक्रेत्याला जो सोयीचा तो पुढे करतो. एका कंपनीचा ९२ आणि दुसरीचा १०३ शेजारी ठेवून 'ही शांत' म्हणणं म्हणजे एकाची उंची चपला घालून आणि दुसऱ्याची फेटा बांधून मोजणं.

लाकडाचं आधी बघा. दारातल्या झाडाची फांदी 'आपलीच' असली तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते, त्यामुळे नवी करवत आधी फांदीवर चालवून बघू हा उत्साह आवरावा. भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, वखारी आहेत, तिथून ओंडके आणावेत. रस्त्याकडेचं पडलेलं झाड कुणी फुकट देऊ केलं तर जरा विचार करावा. पुण्यातल्या झाडाला फळं येवोत न येवोत, खिळे येतात. क्लासेसची पाटी, टू-लेट, मंडळाच्या फ्लेक्सची तार, सगळं सालीच्या आत जिरलेलं असतं आणि लोहचुंबकाला फक्त वरवरचं सापडतं. एक खिळा लागला की साखळीचे सात-आठ दात एका सेकंदात बोथट. जुन्या वाड्याची सागवानी चौकट तर या बाबतीत खिळ्यांची तिजोरीच.

आता स्वस्ताईचे दोन सापळे. पहिला हातभर लांबीची बॅटरीवरची मिनी करवत. तिच्यावर '४८' किंवा '८८' असा भारदस्त आकडा असतो आणि पुढे व्होल्टसारखं दिसणारं एखादं अक्षर. बॅटरीत मात्र बहुधा पाच लिथियम सेल, एकामागे एक. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. क्षमता दीड अँपिअर-तास धरली तर २७ वॉट-तास. मोटरने ५०० वॉट ओढले की सव्वातीन मिनिटांत खेळ संपला. कढीपत्ता आणि जास्वंद छाटायला ती गोड आहे. बाभळीच्या ओंडक्यासमोर तिची दया येते.

दुसरा सापळा अँगल ग्राइंडरला, म्हणजे फरशी-लोखंड कापायच्या हातयंत्राला, लावायच्या चेनसॉच्या जोडणीचा. घरातला चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्यावर साखळी चढवायची, ब्रेक नाही, हाताच्या पुढे ढाल नाही, खटका बहुधा सरकवून अडकणारा, म्हणजे हातातून सुटली तरी चालूच. ही जोडणी लावणाऱ्याच्या धैर्याबद्दल मला आदर आहे आणि बोटांबद्दल काळजी.

राहिली ती वायरवाली. तिला लोक खेळणं समजतात, पण श्टीलच्या घराण्यात थोरली तीच: जर्मनीच्या आंद्रेआस श्टीलने विजेवरची करवत १९२६ साली आणली, पेट्रोलवाली तीन वर्षांनी. आज अनोळखी नावाची १६ इंची वायरवाली साधारण पाच हजारांच्या आसपास मिळते, ओळखीच्या नावाची दीडपट-दुपटीच्या पुढे. वरचे पैसे कशाचे? मुख्यतः सुट्या भागांचे. स्वस्तातल्या काही यंत्रांत आतलं गिअर प्लास्टिकचं असतं. बार, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती पट्टी, लाकडात अडकला आणि खटका दाबूनच ठेवला की दाते सोलले जातात, आणि मग मोटर फिरते, साखळी नाही. दुकानात वॉट विचारण्याआधी "कार्बन ब्रश आणि गिअर मिळतं का?" हे विचारा. दुकानदाराने उत्तराऐवजी वॉरंटी कार्ड दाखवलं तर समजून जा.

वॉट १८०० ते २००० पुरेत. बार १४ इंची घ्या. घरगुती सरपणाचा ओंडका सात-आठ इंची, बार त्याहून दोन-तीन इंच लांब असला की झालं. अठरा इंची घेणारे घेतात, कारण दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्याला दाखवायला ती बरी दिसते. तेवढ्याच मोटरला लांब साखळी ओढायला लावलं की ती दमते, गुरगुरते, आणि आपण शांततेसाठी मोजलेले पैसे शेजाऱ्याला परत ऐकू येतात.

खरी गंमत वायरीत. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. गच्चीवर बहुतेकांकडे ६ अँपिअरचा पॉइंट असतो, गणपतीच्या माळेसाठी दिलेला. त्यात ही लावली की आधी प्लग कोमट होतो, मग वास येतो, मग घरातून हाक येते. १६ अँपिअरचा पॉइंट हवा, तोही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरचा, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्यावरचा. तीस मीटर लांब जायचं तर वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, तांब्याची. तिच्यात साधारण चार व्होल्ट पडतात. पाऊण एमएमच्या बारीक वायरीत चौदा-पंधरा, आणि ते सगळे वायर तापवण्यात जातात. वायरीची गुंडाळी तशीच ठेवून काम केलंत तर आतले वेढे एकमेकांना शेकत प्लास्टिक वितळवतात. पूर्ण उलगडा. पायात येईल, येऊ द्या. फक्त कापणाऱ्या हाताच्या मागे ठेवा.

साखळीचा नवशिका अपघात म्हणजे ती उलटी बसवणं. मग धूर येतो, लाकडावर काळा पट्टा उमटतो आणि 'माल डुप्लिकेट आहे' असं जाहीर होतं. बारच्या वरच्या कडेवर दात टोकाकडे बघत असले पाहिजेत, इतकंच. ताण बघायचा तर प्लग काढून, हातमोजा घालून बारच्या मध्यावर खालून साखळी ओढा. तीनेक मिलिमीटर सुटावी आणि सोडताच टपकन परत बसावी. नवी साखळी पहिल्या पाच-दहा मिनिटांत ढिली पडते, तेव्हा पुन्हा ताणा. काम संपल्यावर किंचित सैल करा, कारण गार होताना ती आकसते आणि बारला आवळते.

साखळी बदलायला बोहरी आळीत जाल तेव्हा नुसतं 'सोळा इंची द्या' म्हणू नका. तेवढ्याच बारला कुठे ५५ दुवे लागतात, कुठे ५६, कुठे ५७. पिच (दुव्यांमधलं अंतर), जाडी आणि दुव्यांची संख्या बारवर कोरलेली असते. ती वाचा, किंवा जुनी साखळीच पिशवीत घालून न्या.

धार हीच शांतता. धारदार साखळीतून भाताच्या शितांएवढ्या ढलप्या पडतात. पीठ पडायला लागलं की दात गेले. बाभळीचा सहा इंची ओंडका धारेने दहा-पंधरा सेकंदांत होतो, बोथट साखळीने दीड मिनिट, तोही जोर लावून. घरगुती करवतींना बहुतेक ३/८ इंच पिचची लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची, साखळी असते. तिला ४ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशांत, प्रत्येक दाताला सारखे तीन-चार हात, आणि फक्त पुढे ढकलताना. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की करवत वाकडी कापते आणि लोक ओंडक्याला दोष देतात.

साखळीसाठी तेल टाका. टाकी दीडशे-दोनशे मिलिलिटरची, म्हणून दर वीस मिनिटांनी काच बघा. गॅरेजमधलं काळं, वापरलेलं तेल फुकट मिळतं आणि त्यातला धातूचा कीस पंपाला खातो. ताजं एसएई ३० किंवा ४० ग्रेडचं इंजिन ऑइल चालतं. तेल येतंय का हे कळायला बारचं टोक पुठ्ठ्यावर धरून करवत चालवा. बारीक रेघ उमटली पाहिजे.

दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, ठेवलेला ओंडका मधोमध वरूनच कापत गेलात तर तो मिटून बार धरतो. आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. टोक बाहेर लोंबत असेल तर उलटं. बारच्या नाकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नका, करवत तोंडाकडे उसळते. चष्मा, बूट, कानावर मफ. पंचा नको, ओढणी तर अजिबात नको. गच्चीवर काम असेल तर घोड्याखाली जुनी गोणपाटं घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांना आपण स्लॅब कापतोय असं वाटतं.

एवढं सगळं करून शांतता साधली की लक्षात येतं, करवत फक्त आडवं कापते. बंबाच्या तोंडात जायला ओंडका उभा फोडावा लागतो, तो कुऱ्हाडीने, आणि तिच्या एका घावाला अख्ख्या गल्लीतल्या गॅलऱ्या उघडतात. यावर तोडगा आहे: जुना टायर. ओंडका टायरच्या पोटात उभा करून फोडला तर फाटी उडत नाहीत, उचलायला वाकावं लागत नाही, आणि घाव फरशीवर जात नाही. खाली ओंडक्याचाच एक जाड काप ठेवायचा. टायर फुकट मिळतो, पण पाणी साचून डास होतात, त्याला खालून दोन भोकं पाडा.

ठेवून दिलेली करवत तेल गाळते. ती बिघडलेली नसते, तिचा स्वभावच तो. चपलांच्या कपाटात ठेवायची तर खाली वर्तमानपत्र घाला. रविवारची पुरवणी पातळ असते, दोन लागतात.